तमिळ सिनेमाची पहिली दहा मिनिटं

दक्षिणेतल्या एका थोर कलेच्या रक्षणासाठी मी आयुष्याची सात वर्षं वेचली. हे वाक्य मी निरोप समारंभात म्हणणार होतो. पण मला निरोप मिळाला तो एका मेलने, आणि मेलला उलट भाषण करता येत नाही. शिवाय वाक्यात दोन अडचणी होत्या. एक, मला तमिळ येत नाही. दोन, त्या सात वर्षांत माझ्या हातून एकही सिनेमा वाचला नाही.

व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारती आहेत. नवखा माणूस त्यांना गोदामं समजतो, आणि तो फारसा चुकत नाही. आत धान्याच्या पोत्यांऐवजी सर्व्हर रचलेले असतात, म्हणजे चोवीस तास चालू असलेले कॉम्प्युटर. आमची कंपनी हे सर्व्हर महिन्याच्या भाड्याने देई. त्यावर कुणी दुकान थाटावं, कुणी कविता ठेवाव्यात, आम्ही विचारत नसू. घरमालक भाडेकरूच्या कपाटात डोकावत नाही, तसं. मात्र 'तुमच्या भाडेकरूच्या कपाटात माझा चोरीचा माल आहे' अशी तक्रार आली, तर एकाला जाऊन कपाट उघडावं लागे. तो एकजण मी. २००१च्या अखेरीस माझी प्रोग्रामिंगची नोकरी गेली होती, व्हिसाचे दिवस संपत आले होते, आणि हे काम दुसऱ्या कुणाला नको होतं. नागपूरला आईने विचारलं, "कराचं काय असते तिथं?" मी म्हटलं, "लोकांच्या तक्रारी वाचायच्या." ती म्हणाली, "हे तर तहसीलदाराचं काम झालं," आणि तिला बरं वाटलं.

काम सोपं होतं. तक्रारीत पाच गोष्टी लागत: तुम्ही कोण, तुमची कलाकृती कोणती, चोरीची प्रत नेमक्या कोणत्या पत्त्यावर आहे, हे सगळं खरं असल्याची शपथ, आणि सही. एक जरी कमी असली तर तक्रार परत. पाचही असल्या तर मी ती फाइल उघडून पाहायची, आणि ती खरोखरच तो सिनेमा असेल तर भाडेकरूला चोवीस तासांची नोटीस द्यायची. भाडेकरू फाइल काढून टाकी आणि दुसऱ्या दिवशी नव्या पत्त्यावर ठेवी. तक्रारदार पुन्हा लिही, मी पुन्हा उघडून पाही. याला ऑफिसात 'प्रोसेस' म्हणत आणि तिचं दर वर्षी प्रशिक्षण असे.

हॉलिवूडच्या तक्रारी वकिलांच्या कॉम्प्युटरकडून थेट आमच्या कॉम्प्युटरकडे येत, त्यात माणसाचा संबंध नसे. हिंदीवाल्यांसाठी तक्रारी करणाऱ्या कंपन्या होत्या. तमिळ तक्रारी मात्र माणसांकडून येत. फॅक्सने, हाताने लिहिलेल्या, कधी रडवेल्या. एकाची सुरुवात 'आदरणीय इंटरनेट यांस' अशी होती. एका निर्मात्याने मालकीचा पुरावा म्हणून कुठल्याशा पुढाऱ्याला हार घालतानाचा स्वतःचा फोटो पाठवला होता. फोटोत पुढारी नीट दिसत होता, निर्मात्याचा फक्त हात. एका नायकाच्या इथल्या चाहता संघाचे अध्यक्ष तर आठवड्याला नेमाने तक्रार करत. हक्क त्यांच्याकडे नसल्यामुळे ती मी नेमाने परत पाठवी. पुढे दुसऱ्याच एका तक्रारीवरून एक सर्व्हर तपासला, तर त्यावर प्रतिस्पर्धी नायकाचे झाडून सगळे सिनेमे होते आणि भाडेकरू म्हणून नाव याच अध्यक्षांचं. भक्तीचा इतका कार्यक्षम आविष्कार मी दुसरीकडे पाहिला नाही.

तपासायचं म्हणजे सिनेमाचं नाव पडद्यावर येईपर्यंत पाहायचं. तमिळ सिनेमात नाव यायला सरासरी दहा मिनिटं लागत. आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र, मग देव, मग आभार, मग एक मारामारी. मग नायक येई; आधी त्याचा बूट, मग पाठ, मग मनगट, आणि चेहरा दिसणार तेवढ्यात नाव झळके. मी फाइल बंद करून पुढच्या तक्रारीकडे वळे. अशा रीतीने मी शेकडो तमिळ सिनेमांची पहिली दहा मिनिटं पाहिली. नायकांचे बूट मला पाठ आहेत. त्यातल्या कुणाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

प्रती बहुतेक थिएटरात बसून, कॅमेरा मांडीवर ठेवून चोरलेल्या असत. चौकट तिरकी, मधूनच समोरून एखादं डोकं जाई, कुणाचं तरी मूल रडे. त्या डोक्यांकडे आणि त्या रडण्याकडे मी सिनेमापेक्षा जास्त लक्ष देऊ लागलो होतो. मी एकटा हेडफोन लावून क्युबिकलमध्ये बसलेला असे आणि कानात भरलेलं थिएटर शिट्ट्या वाजवत असे.

आणि आम्ही तरी कोण मोठे सज्जन? आमच्या मराठी मंडळींत नाटकांच्या कॉपी केलेल्या डीव्हीडी घरोघर फिरत. सुनंदा, म्हणजे माझी बायको, अशी डीव्हीडी लावताना म्हणायची, "तुझ्या ऑफिसला नको हं सांगू, यार." मी सांगत नसे. मी शेवटपर्यंत पाहत असे.

या सगळ्यात मला सेल्वराज भेटला.

सेल्वराज डेटाबेसची बरी नोकरी सोडून तमिळ सिनेमे आणून दाखवत असे. ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर, एका जुन्या बाजारपेठेच्या टोकाला दोन पडद्यांचं थिएटर होतं. त्यातला एक पडदा तो शुक्रवार ते रविवार भाड्याने घेई. तेव्हा सिनेमा रिळांतून येत असे. पत्र्याच्या गोल डब्यांतली ती प्रिंट विमानाने येई आणि मग या गावाहून त्या गावाला कुणा ना कुणाच्या गाडीच्या डिकीतून जाई. परदेशात तमिळ सिनेमाचं आयुष्य हेच, शुक्रवार ते रविवार. सोमवारी तो संपतो. चोरांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून प्रत शुक्रवारच्या आतच इंटरनेटवर येई.

आमची ओळख त्याच्या तक्रारींमुळे झाली. त्याच्या तक्रारींत पाचही गोष्टी असत, वर आभारही. एकदा त्याने फोन करून शोला बोलावलं. नायकाचा चेहरा दिसला तशी माणसं खुर्च्यांवर उभी राहिली आणि कागदाचे कपटे उधळले गेले. थिएटरचा म्हातारा अमेरिकन मालक दाराशी झाडू घेऊन उभा होता. "हे लोक स्वतःचं पोस्टर स्वतःच फाडतात का?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, नाही, हा आदर आहे. तो म्हणाला, "आदर गालिच्यातून निघत नाही." तेव्हा हॉल भरलेला होता. दहा मिनिटं झाली तसा मी सवयीने उठलो आणि बाहेर आलो. सेल्वराजने हे फार मनाला लावून घेतलं.

हळूहळू हॉल रिकामा होत गेला. २००६ साल असावं, जूनमधल्या एका बुधवारी तो तक्रार घेऊन स्वतः ऑफिसात आला. आमच्याकडे कधीच कुणी येत नसे. रिसेप्शनवरच्या बाईने त्याला पिझ्झावाला समजून किचनकडे पाठवलं.

"मेश्राम सर, हा शेवटचा," तो म्हणाला. "मालकाने सांगितलंय, या तीन दिवसांत हॉल भरला तर पडदा माझ्याकडे राहील. नाहीतर तो भिंत पाडून व्यायामशाळेला देणार."

"मग मोठा नायक आणायचा ना! बूटवाला."

"बूटवाल्यांचे हक्क आता माझ्या हाती लागत नाहीत. हा माझ्या वर्गमित्राने केलाय. पोस्ट वाटणाऱ्या बाईचा सिनेमा आहे. मारामारी नाही."

"नाव किती वेळाने येतं?"

"पहिल्याच मिनिटाला. तुमच्यासाठीच आणलाय म्हणा."

तो हसला. आम्ही दोघंही हसलो. मग मी फाइल उघडली. पहिल्याच मिनिटाला नाव आलं. प्रत चांगली होती, हे सांगताना मला लाज वाटली.

तो सर्व्हर कुणाचा, याबद्दल मला स्क्रीनवर फक्त ग्राहक क्रमांक आणि एका कागदी कंपनीचं नाव दिसत होतं. त्या ग्राहकाविरुद्ध आधीच दोन तक्रारी सिद्ध झालेल्या होत्या. तिसरी सिद्ध झाली की अख्खा सर्व्हर बंद करायचा, हा नियम. पण त्याच नियमाचं एक पोटकलम होतं: बंद करण्याआधी त्या सर्व्हरवर आणखी कुणाकुणाच्या साइट्स राहतात याची यादी काढायची आणि वरिष्ठांना दाखवायची. एका मशीनवर पन्नास बिऱ्हाडं असू शकतात. यादी काढायला वीस मिनिटं लागतात. ती दाखवायची म्हणजे लिंडाला, माझ्या बॉसला. शुक्रवारी दुपारी लिंडा मुलीच्या सॉफ्टबॉलला जाई. म्हणजे सोमवार.

चोवीस तासांची मुदत संपली, भाडेकरूने उत्तर दिलं नाही. शुक्रवारी दुपारी एक वाजता, इतक्या वर्षांत प्रथमच, एक सिनेमा माझ्या हातून वाचणार असं मला वाटलं. मी यादी काढली नाही. बटण दाबलं आणि उठून कॉफी आणली. कॉफीला चव होती.

पहिला फोन वीस मिनिटांनी आला. इथल्या एका मंदिराचे अध्यक्ष होते. त्यांनी स्वतःची ओळख देण्यातच दोन मिनिटं घेतली. त्यांच्या मंदिराची साइट बंद पडली होती आणि पूजेची नोंदणी थांबली होती. कुठल्या पातळीवरचा अधिकारी याला जबाबदार आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर्वांत खालच्या. एवढ्या खाली बोलायची त्यांना सवय नव्हती.

दुसरा फोन सेल्वराजचा.

"सर, माझी तिकिटांची साइट बंद आहे. पहिला शो साडेसहाला आहे. लोक आता ऑफिसातून तिकीट काढतात, आत्ताच. हॉलवर येऊन कुणी काढत नाही. तुम्हाला यातलं काही कळतं का?"

मला सगळंच कळलं. मी यादी काढली. वीस मिनिटं लागली नाहीत, चारच लागली. त्या सर्व्हरवर मंदिर होतं, तमिळ मंडळ होतं, एका नृत्यवर्गाची साइट होती, सेल्वराजचं तिकीटघर होतं, आणि या सगळ्यांच्या शेजारी, त्याच मशीनवर, चोरीच्या सिनेमांची ती साइट होती.

लिंडाला फोन लावला. मागे मुली ओरडत होत्या. ती शांतपणे म्हणाली, "तिसऱ्या तक्रारीवर बंद झालेला सर्व्हर उघडायचे दोनच मार्ग आहेत. भाडेकरूचं शपथेवर उत्तर, मग दहा कामाचे दिवस थांबायचं. किंवा तक्रारदाराने लेखी तक्रार मागे घ्यायची. तुला माहीत आहे हे. प्रशिक्षण तूच देतोस."

तीन वाजता सेल्वराज आला. सोबत चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. "हा मुरली. माझी साइट यानेच केलीय, एक पैसा न घेता. मंदिराचीही हाच करतो. टेक्निकल काय ते तुम्ही याच्याशी बोला."

मुरलीने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. ग्राहक क्रमांक माझ्यामागे स्क्रीनवर होता. मंदिर आणि तिकीटघर दोन्ही याचंच काम, म्हणजे तो ग्राहक हाच. ग्राहक कोण हे तक्रारदाराला सांगायची मला बंदी होती. सांगितलं असतं तर नोकरी, आणि नोकरीबरोबर ग्रीन कार्डचा अर्जही गेला असता. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं आणि आजही तेच देतो.

मी फक्त अर्ज पुढे केला. "तक्रार मागे घेतली तर दहा मिनिटांत सर्व्हर चालू होईल. तिकिटं चालू होतील."

"आणि माझा सिनेमा? त्यांच्या साइटवरचा?"

"सर्व्हर चालू होईल म्हणजे... सगळाच चालू होईल."

सेल्वराज अर्ज वाचू लागला. अर्जात सर्व्हरचा क्रमांक छापून येतो. तो मी खोडू शकत नव्हतो आणि मला खोडायचाही नव्हता. डेटाबेसमध्ये पंधरा वर्षं काढलेला माणूस होता तो. क्रमांकावर त्याचं बोट थांबलं. त्याने खिशातून मुरलीनेच दिलेला एक जुना कागद काढला; त्यावर साइटचा पासवर्ड आणि मुरलीच्या सर्व्हरचा क्रमांक होता. दोन्ही क्रमांक शेजारी धरले.

मग तो मुरलीला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. दोनतीन शब्द असतील, आवाज न चढवता. शेकडो सिनेमांचं तमिळ ऐकूनही मला ते समजलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत असं काही येत नाही.

मुरली इंग्रजीत बोलला, बहुधा मला ऐकू यावं म्हणून. "अण्णा, नेब्रास्कात थिएटर आहे का? तिथे एका गावात चार घरं आहेत आपली. म्हातारी आई आलेली असते, दिवसभर घरात एकटी. ती काय बघणार? मी जाहिरातींचे पैसेसुद्धा मंदिरालाच देतो. तुझा सिनेमा मी टाकला नाही, साइटवर कुणीही टाकू शकतं."

"नोटीस आली होती ना?"

"गुरुवारी हॉलवर खुर्च्या पुसत होतो अण्णा. मेल बघितला नाही. तुझ्याच खुर्च्या."

हे खरं होतं. हेच वाईट होतं.

सेल्वराजने घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे. "मेश्राम सर, बंद करण्याआधी विचारायचं होतं एकदा."

"हो," मी म्हटलं.

त्याने सही केली. स्वतःचा सिनेमा चोरीला गेल्याची स्वतःची तक्रार त्याने मागे घेतली. कारणाच्या रकान्यात 'गैरसमज' असं लिहिलं, कारण तो रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही. मी बटण दाबलं. मंदिर, मंडळ, नृत्यवर्ग, तिकिटं आणि चोरी, सगळं एकदम चालू झालं. मी रिसेप्शनच्या काचेच्या दारातून पाहिलं, ते दोघं एकाच गाडीतून गेले. सेल्वराजची गाडी प्रिंट आणायला विमानतळावर गेली होती.

शनिवारी संध्याकाळच्या शोला मी सुनंदाला घेऊन गेलो. हॉलमध्ये कुटुंबं थोडी आणि खुर्च्या फार. शुक्रवारच्या त्या अडीच तासांनीच असं झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी त्या वेळात साइट उघडून पाहिली, त्यांतले निम्मे तरी नंतर मुरलीच्या साइटवर गेले असतील, आणि उरलेले तसेही येणार नव्हते. पण नक्की काय ते मला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं मी स्वतःच्या हाताने कमावलं आहे. कुणी कपटे उधळले नाहीत. मालक दाराशी झाडूशिवाय उभा होता. "आज फार स्वच्छ लोक आले," तो म्हणाला.

मी शेवटपर्यंत बसलो. खाली इंग्रजी अक्षरं होती. ती पोस्टवाली बाई गावभर पत्रं वाटते, आणि शेवटी तिला स्वतःला एक पत्र येतं, ते ती उघडत नाही. एवढंच. तमिळ सिनेमे असेही संपतात हे मला माहीतच नव्हतं.

मध्यंतराला समोसे खूप उरले. ते विकायला टेबलामागे मुरली उभा होता, नेहमीसारखा, कागदी प्लेट्स मोजत. सेल्वराज त्याच्याशी बोलत नव्हता, पण चटणी संपली तेव्हा त्याने ती आणून दिली. सिनेमा संपल्यावर दिवे लागले तर मुरली शेवटच्या रांगेत रुमालाने डोळे पुसत होता. त्याने तो सिनेमा आधीही पाहिलेला असणार.

"तो कोण रे?" सुनंदाने विचारलं. "बिचारा किती रडतोय."

"व्हॉलंटियर आहे," मी म्हटलं.

महिनाभरात भिंत पाडली. सेल्वराज पुन्हा डेटाबेसकडे गेला, कॅरी नावाच्या गावी, एका औषध कंपनीत. जाताना त्याने फोन केला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "सोडा सर. तुम्ही सगळा बघितलात ना? मग झालं." त्याच्या मित्राने दुसरा सिनेमा केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मंदिराची साइट अजून मुरलीच सांभाळतो. मी आणखी दोन वर्षं बूट पाहत राहिलो. २००८मध्ये तक्रारी तपासायचं कामही कॉम्प्युटरला दिलं, आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

सेल्वराजची तक्रार आमच्या कागदोपत्री 'तक्रारदाराच्या समाधानाने निकाली' अशी नोंदली गेली. सर्व्हर बंद झाल्यापासून निकालापर्यंत अडीच तास. त्या तिमाहीतला हा सर्वांत जलद निकाल ठरला, म्हणून लिंडाने सगळ्यांसमोर माझं नाव पुकारलं आणि एक भेटकार्ड दिलं. ते सिनेमे भाड्याने देणाऱ्या एका दुकानाचं होतं. मी ते वापरायला गेलो, तर तिथे गाद्यांचं दुकान झालं होतं.